शेऱ्याचा रकाना

पाच तारीख उलटली की
लेखा विभागात सगळे हळू बोलू लागतात,
आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसे.
अनुदान आलं?
नाही अजून.
पाचपाखाडीत, तिसऱ्या मजल्यावर पंखा फिरतो
आणि त्याच्याखाली पेपरवेटनं दाबलेली
नालेसफाईची बिलं, कळव्याच्या रुग्णालयाचं कापसाचं बिल,
निवृत्तांच्या फरकाची यादी, जिच्यातली
अकरा नावं मागच्या वर्षात मी
वारसांकडे वळवली.

लहू केणी नोव्हेंबरात येतात, हयातीचा दाखला घेऊन.
गायमुखच्या जकात नाक्यावर एकोणतीस वर्षं.
सही झाली तरी उठत नाहीत.
"ताडपत्री न उचलता सांगायचो," म्हणतात,
"सुकी मिरची डोळ्यांना आधी कळायची,
टायर घशाला.
भिवंडीच्या कापडाला खळीचा वास.
पहाटे चारला गल्ला मोजायचा,
नोटा ओल्या, डिझेलच्या,
पण शहराला कळायचं आज काय मिळवलं ते."
मग आवाज खाली आणून,
"खाल्लं का लोकांनी? खाल्लं.
नाही कशाला म्हणू.
पण पळी आपल्या हातात होती."

जकात गेली, एलबीटी आली, तीही गेली.
आता शहर मिळवतं ते वर जातं
आणि वरून उतरतं तेव्हा
पत्रात त्याचं नाव असतं : सहाय्य.
आठ वर्षं हा शब्द मी आवक वहीत उतरवते आहे.

माझी आई वागळे इस्टेटमध्ये
औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायची.
पगाराचं पाकीट न फोडता वडिलांच्या हातात,
आणि सोमवारी त्यांच्याकडेच बसचं भाडं मागायची.
ते देत.
नेहमी देत.
कशाला हवेत, एवढंच विचारून.

गेल्या महिन्यात राबोडीच्या शाळेत प्रभागाची सभा होती,
विषय : शाळेमागचं गटार.
लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं, गुडघे वर.
झेरॉक्सवाली रुकय्या तुंगेकर उभी राहिली, हातात पावत्या.
"कागद घेते, कर देते. शाई घेते, कर देते.
यातलं ह्या गटारात किती येतं, तेवढं सांगा."
साहेब म्हणाले, हा विषय शासन स्तरावरचा आहे.
"मग शासन स्तरावर मत घ्या आमचं."
साहेब हसले. तशी तरतूद नाही.
"बरं, मी घेते," म्हणाली,
आणि आमच्याकडे पाठ फिरवून बाकांना विचारलं,
शहराचा वाटा कायद्यात लिहिलेला असावा,
दर महिन्याला मागावा लागू नये,
असं कुणाकुणाला वाटतं?

आधी कुणीच नाही.
मग मागच्या बाकावरून एक.
मग मोजता मोजता मी दोनदा चुकले.
एक हात प्लास्टरमध्ये होता, अर्धाच वर गेला,
मी पूर्ण धरला.
दारातून साहेबांच्या ड्रायव्हरचा.
एकशे चौदा.
माझ्या हातात पेन होतं.

इतिवृत्तात लिहिलं होतं मी.
साहेबांनी लाल शाईनं, सरळ रेघेत खोडलं :
नोंद आवश्यक नाही.
गटार राहिलं. निधी उपलब्धतेनुसार.

आज एकोणीस तारीख. अकरा वीसला
संगणकावर आकडा उमटला.
कुणीतरी चहा सांगितला, कुणीतरी मोठ्यानं शिंकलं,
खोलीतला आजारी उठून बसला.
मी वही उघडली.
दिनांक, पत्र क्रमांक, रक्कम, तपशील : सहाय्य.
शेवटचा रकाना शेऱ्याचा, दोन बोटं रुंद,
आठ वर्षांत मी तिथं आडवी रेघच मारत आले.

एकशे पंधरा, लिहिलं.

लेखापरीक्षक गोल करतील,
कसला आकडा म्हणून विचारतील मार्चमध्ये.
पेपरवेट उचललं
आणि कापसाचं बिल आधी काढलं.